हा लाल कुठून येतोय

हर्णैच्या पुळणीवर, ओहोटीच्या वेळी,
काठीला खोचलेले दोन गोळे धरून मी उभी होते:
एक आरशासारखा, एक राखेच्या रंगाचा.
पाटीतल्या पापलेटांवरून नजर न काढता
एकीनं विचारलं, "कितीला गो?"
विकायचे नाहीत, म्हटलं. उजेड मोजायचाय.
ती हसली. "मोज. नि उरला तर दे थोडा,
आमच्याकडं सकाळपासनं लाइट नाय."

करडा गोळा सांगतो सूर्य कुठं आहे,
सावली किती काळी, किती निळी.
आरशाचा गोळा कुणालाच वगळत नाही.
त्यात सुवर्णदुर्ग वाकला होता नखाएवढा,
बर्फाचा टेम्पो, मासळी ओढणारी बैलगाडी,
कॅमेऱ्यावरची छत्री,
मी स्वतः, तोंड बारीक नि बोटंच बोटं,
आणि जवळजवळ अर्धा गोळा भरून
रघुवीर पावश्यांची 'जयंतिका',
डागडुजीसाठी वाळूवर कलती ठेवलेली,
लालभडक.

शॉटमध्ये ती नको होती.
तीनशे वर्षांपूर्वीचा किनारा,
तिथं डिझेलचं इंजिन कसं चालेल?

दापोलीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
मी तिला सोळा दिवस पुसत होते.
फ्रेमगणिक. दोर, नंबर, कडेचे टायर,
नाळेवरचा वाळलेला झेंडूचा हार.
तिच्यामागचा समुद्र कॅमेऱ्यानं पाहिलाच नव्हता,
तो शेजारच्या समुद्रातून उसना आणून लावला.
खाली दळण पडलं की टेबल थरथरायचं
आणि माझी कड एका पिक्सेलनं हुकायची.

मग गलबत आलं. पुण्याहून, फाइलमधून,
राखाडी, बिनवासाचं,
एकाही खिळ्याला गंज नसलेलं.
त्याला त्या दुपारचा उजेड नेसवला.
शिडाच्या काठावरून सूर्य थोडा गळू दिला.
काळा पार काळा ठेवला नाही;
आपल्याकडं हवेत मीठ असतं,
लांबचं काळं नेहमी जरा दुधाळ.
वरून कॅमेऱ्याचे दाणे पेरले,
नाचणी फोकावी तसे.

बसलंय छान, साहेब फोनवर म्हणाले. पण
उजव्या बरगडीवर हा लाल कुठून येतोय?

मी एकेक दिवा विझवून पाहिला.
सूर्य विझवला. लाल होताच.
पाण्याची चमक, वाळूची झळ, कंदील.
होताच.
शेवटी आकाश विझवलं,
त्या गोळ्यातून सोलून काढलेलं अख्खं आकाश,
तेव्हा गेला.

फ्रेममधून तिला हाकललं होतं मी.
गोळ्यातून नाही.

त्याच आठवड्यात पावशे दापोलीत आले,
पंपाचा वॉशर शोधत. वर आले, चहा घेतला,
आणि स्क्रीनकडं पाहून म्हणाले,
"हिचं पोट कोरडं आहे."
माल भरलेला दाखवायचाय, मी म्हटलं.
"मग ते पाण्याला नको कळायला?"
मी गलबत नऊ पिक्सेल खाली दाबलं,
बुडाशी फेस जाड केला, चाल मंदावली.
"आता बरी. आता दमलीय जराशी."

बशी खाली ठेवून त्यांनी विचारलं,
"आमची कुठंय?"
मी चित्र मोठं केलं, पार चौकटी दिसेपर्यंत.
तांबूस चौकटी, लाकडावर, ओल्या विटेसारख्या.
ही, म्हटलं. एवढीच.
पावशे बराच वेळ वाकून बघत राहिले,
चष्मा वर, मग चष्मा खाली.
साहेब काढ म्हणतात, मी सांगितलं.
"काढ की," ते म्हणाले.
"नायतरी यंदा निळा मारलाय."

जिन्यावर चपला वाजल्या. खाली कुणाचे तरी गहू पडले.
मी लाल निम्म्यावर आणला
आणि शॉट पाठवून दिला.